सोमवारी दुपारच्या आत

त्यांचं नाव मी सांगणार नाही. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना खपलं नसतं. सरकारी माणसाचं नाव नेमणुकीच्या हुकमावर यावं, पगारपत्रकावर यावं आणि शेवटी पेन्शनच्या कागदावर यावं, असं ते म्हणत. आणखी कुठे आलं की समजायचं, चौकशी लागली. चिंचवड गावात आम्ही शेजारी होतो आणि एकाच डेपोत कारकुनी करत होतो. मी त्यांना काका म्हणत असे, आणि डेपोतले त्यांच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले लोकही त्यांना काकाच म्हणत.

लढाईच्या दिवसांत घाईघाईने उघडलेला तो डेपो होता. चिंचवडहून गाडीत बसायचं, आकुर्डीचं माळरान मागे टाकायचं आणि तळेगावच्या अलीकडे उतरून पाय तुडवत जायचं. लढाई संपली, इंग्रज गेला, तरी डेपो आपला चालूच होता. का चालू आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. आमच्या सगळ्यांच्या हुकमांवर 'तात्पुरता' हा शब्द होता. दर दोन-तीन महिन्यांनी छाटणीची आवई उठायची. मग आठवडाभर कुणी मोठ्याने हसायचं नाही, चहाला उठायचं नाही, साहेबांच्या खोलीवरून जाताना चपला वाजवायच्या नाहीत.

अशा ठिकाणी भीती सगळ्यांनाच असते. पण आमची भीती आवई विरली की विरायची. काकांची कायम नोकरीत होती.

ते एकाच गोष्टीला भीत. खंड. नोकरीतला खंड. हा शब्द ते इतक्या खालच्या आवाजात उच्चारत की नवख्याला वाटावं, घरात कुणाला क्षय झालाय. एक जागा संपली आणि दुसरी सुरू व्हायची आहे, यांच्या मधली जी फट, तीत माणूस गेला की परत वर येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. आणि हे मत ते नोकरीपुरतं ठेवत नसत. नवी छत्री घ्यायला पुण्याला गेले तर जुनी बरोबर घेऊन जात, आणि वैशाखाच्या उन्हात दोन्ही काखांत दोन छत्र्या अडकवून चिंचवड स्टेशनावर उतरत. जुनी टाकून का नाही आलात, असं विचारलं तर म्हणत, "दुकानातून घरी येईपर्यंत नवी मोडली तर?"

कासारवाडीहून चिंचवडला बिऱ्हाड हलवलं तेव्हा एक दिवस दोन्ही घरांत त्यांनी दिवा लावला होता. इथल्या खोलीत हे आणि तिथल्या खोलीत काकू. दुसऱ्या दिवशी यांनी इथे चूल पेटवल्यावर काकूंनी तिथली विझवली आणि त्या टांग्यात बसल्या. काकू हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत. "मला म्हणाले, एक दिवससुद्धा आपण बिनपत्त्याचे राहायचं नाही. अहो, पत्ता हवाय कुणाला आपला?"

एकदा काकूंनी चातुर्मासात चहा सोडला. काका पानावरून अर्धवट उठले. "सोडला म्हणू नको. तात्पुरता बंद ठेवलाय म्हण."

संध्याकाळी डेपोतून निघताना आम्ही "चला, येतो" म्हणायचो. काका दाराशी थांबून, कुणी ऐको न ऐको, म्हणायचे, "उद्या हजर." रविवारी जेवण झाल्यावर ते कधीकधी गाडीत बसून डेपोच्या फाटकापर्यंत जाऊन येत. पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलत, आत बघत आणि परत फिरत. काय बघायला जाता, असं मी एकदा चेष्टेने विचारलं. ते म्हणाले, "आहे का ते बघायला."

या भीतीला कारण होतं. ते त्यांनी मला चिंचवडच्या फलाटावर सांगितलं. गाडी यायची होती, आसपास कुणी नव्हतं, तरी त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. लढाईच्या काळात ते पुण्याला रेशनिंगच्या कचेरीत होते. चांगली काही वर्षं झाली होती, दर वर्षी पगारात वाढ लागत गेली होती. मग या डेपोत निवड झाली. पगाराची श्रेणी तीच, खातं वेगळं. तिथला हेडक्लार्क म्हणाला, जाताना दोन ओळींचा राजीनामा लिहून द्या, रिवाज आहे. काकांनी लिहून दिला. 'घरगुती कारणास्तव' असं कारण घातलं, कारण सगळे तेच घालतात. दुसऱ्या दिवशी इकडे हजर झाले. पहिला पगार हातात आला तो श्रेणीच्या अगदी तळाचा. मागची सगळी वर्षं गेली. आपण होऊन नोकरी सोडलेला माणूस, त्याला मागचं कसलं?

"बदली झाली असती, परवानगी घेऊन आलो असतो, तर तिथल्या पायरीवरून इथल्या त्याच पायरीवर आलो असतो," ते म्हणाले. "राजीनामा दिला आणि जिन्याच्या खाली येऊन उभा राहिलो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज माझ्या पुढे आहेत. मी अर्ज केले. किती केले ते विचारू नकोस. उत्तर एकच येतं."

"काय?"

"विचार करता येत नाही."

गाडी आली. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी डब्याचा दांडा घट्ट धरला आणि मगच फलाटावरचा पाय उचलला.

त्या दिवसापासून त्यांची भीती मला चिकटली. मी तेव्हा पंचविशीचा होतो, नुकतंच लग्न झालं होतं, आई दम्याने बेजार होऊन आमच्याकडेच आलेली. डेपोत माझी काही वर्षं भरली होती, वाढी लागल्या होत्या आणि त्या वाढींवरच घर चालत होतं. त्या काढून घेतल्या असत्या तर आईचं औषध की किराणा, असा प्रश्न महिन्याच्या मध्यावरच आला असता. त्यात छाटणीची आवई या वेळी विरेना. कुणी म्हणे यादी मागवलीय, कुणी म्हणे यादी गेलीसुद्धा.

याच सुमाराला पिंपरीला नवा सरकारी कारखाना उभा राहत होता. कारकून हवे होते. जागा कायम होण्याजोग्या, श्रेणी आमचीच. मी अर्ज केला तो काकांनी सांगितला तसा, साहेबांच्या मार्फत. परस्पर अर्ज टाकायचा विचार मी नुसता बोलून दाखवला तेव्हा काका पांढरेफटक पडले होते.

साहेबांच्या मार्फत म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचे साहेब कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समोरचा कागद पूर्ण वाचायचे, चष्मा काढायचे आणि अगदी हळू म्हणायचे, "ठीक आहे." ते 'ठीक आहे' ऐकलेला माणूस बाहेर येऊन थेट पाण्याच्या माठाकडे जायचा. आस्थापनेचं काम काकांकडे असल्यामुळे नेमणुका, रजा, शिक्षा सगळे कागद घेऊन त्यांनाच आत जावं लागे. जाण्याआधी ते कोटाची वरची गुंडी लावत, हात धोतराला पुसत, ओठ हलवत काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं रामरक्षा असेल. नंतर कळलं, आत गेल्यावर बोलायचं वाक्य ते पाठ करत. आणि तरी आत गेल्यावर ते त्यांना आठवत नसे. नुसता कागद पुढे करून उभे राहत.

माझा अर्ज त्यांनी असाच पुढे केला. किती दिवस तो साहेबांच्या टेबलावर पडून होता आणि काका रोज दुसऱ्या कुठल्या तरी निमित्ताने आत जाऊन तो वरती आणून ठेवत होते. अखेर सही झाली. मुलाखत झाली, निवड झाली. कारखान्याचा हुकूम आला, सोमवारी रुजू व्हा.

शनिवारी साहेबांनी मला बोलावलं. हुकूम वाचला, चष्मा काढला.

"जायचंय?"

"होय साहेब. परवानगी असेल तर."

"ठीक आहे."

लोकांना काढायचं ते आपण, आपल्या पायांनी कुणी निघालेलं त्यांना आवडत नसे. त्यांनी मला मोकळं केलं, पण हुकमात शेवटी एक ओळ घातली. सोमवारी दुपारच्या आत नव्या जागी रुजू न झाल्यास शनिवारपासून राजीनामा दिल्याचं समजण्यात येईल. बस, एवढीच ओळ.

काकांनी ती वाचली आणि खुर्चीत बसले. मला त्यात काही भयंकर दिसेना. पिंपरी काय, चिंचवडहून हाकेच्या अंतरावर. सोमवारी सकाळी उठायचं आणि जायचं. मी तसं म्हणालो.

"मधे रविवार आहे," काका म्हणाले.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. सकाळी दार वाजलं, बघतो तर काका. आत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आज बाहेर पडू नकोस."

"का?"

"आज तू कुणाचाच नाहीस. डेपोने तुला सोडलंय, कारखान्याने अजून धरलेलं नाही. नदीवर आंघोळीला जाऊ नको, सायकल काढू नको, विहिरीत डोकावू नको. आज तुला काही झालं तर डेपो म्हणेल आमचा नव्हे आणि कारखाना म्हणेल अजून आमचा नव्हे. हिला कोण काय देणार?"

'हिला' म्हणजे माझ्या बायकोला. ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. दिवसभर काका पडवीत बसून होते. मी परसाकडे निघालो तरी मान वळवून बघत. आई आतून म्हणाली, "हा माणूस तुझी राखण करतोय की तुला भिववतोय?" दोन्ही खरं होतं. संध्याकाळ व्हायला लागली तशी मला पाठीतून शिरशिरी आली. मी समजलो भीतीची असेल. पण ती भीतीची नव्हती, हिवतापाची होती. त्या दिवसांत पवनाकाठी तो घरोघरी असे. दिवेलागणीला मी गोधडीखाली दात वाजवत पडलो होतो आणि काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचे दात वाजत नव्हते एवढाच काय तो फरक.

सोमवारी सकाळी अंग फणफणलेलं. बायको रडवेली झाली होती. "आज नाही गेलं तर नाही का चालणार?" असं तिने विचारलं. काका डेपोला जायच्या तयारीने, कोट घालून, डबा घेऊन आले होते. त्यांची गाडी यायची वेळ झाली होती. मी उठायला गेलो आणि भिंतीवर आदळलो.

त्या वेळी काकांच्या तोंडावर जे आलं ते मी नीट पाहिलं. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. आयुष्यात त्यांनी ती गाडी चुकवली नव्हती. तापात गेले होते, सख्खी बहीण गेली तेव्हा आधी डेपोत जाऊन रजा मंजूर करून घेऊन मग स्मशानात गेले होते. त्यांनी शिट्टीच्या दिशेने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डबा मागोमाग आलेल्या काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "टांगा."

टांगेवाला गावातलाच होता. मला गोधडीसकट आत घालताना तो म्हणाला, "काका, ह्येला दवाखान्यात न्यायचं का?"

"कारखान्यात."

"अवो, मानूस तापलंय किती!"

"तू हाक."

पिंपरीपर्यंत रस्ता म्हणजे नुसते खडक आणि धूळ. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं काकांच्या खांद्यावर आपटत होतं. काका टांगेवाल्याला सारखे म्हणत होते, "चल बाबा, चल." तो म्हणत होता, "घोडं पळाया तयार हाय काका, रस्ताच न्हाई म्हनतोय." सूर्य किती चढला ते काका दर थोड्या वेळाने टपाखालून वाकून बघत. मधे एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेशुद्ध पडू नकोस. सहीपुरता शुद्धीवर राहा." मी हो म्हणालो. मला तेव्हा वाटत होतं की मी मरणार, आणि मेलो तरी हा माणूस माझा अंगठा उठवून घेईल.

कारखान्यात सगळीकडे ओल्या चुन्याचा वास होता. नेमणुकांचं काम बघणारा अधिकारी एका पत्र्याच्या खोलीत बसला होता. सकाळपासून माणसांची रांग लागलेली. आमची पाळी यायला बराच वेळ गेला. मी भिंतीला टेकून होतो, काकांनी मला एका हाताने धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने कोटाची वरची गुंडी चाचपत होते. ओठ हलत होते.

आत गेलो. अधिकारी तरुण होता, आणि सांगायला वाईट वाटतं पण फार भला होता. मला बघताक्षणी उठला. "अहो, यांना तर केवढा ताप आहे! बसा, बसा. पाणी आणा रे." मग माझे कागद न बघताच बाजूला सारून म्हणाला, "घरी न्या यांना. बरे झाले की येऊ द्या. गुरुवारी या, शुक्रवारी या. जागा काही पळून जात नाही. मी लिहून ठेवतो तसं."

इतक्या गोड शब्दांत माझा गळा कुणी कापत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि भीतीची गोष्ट ही की मला ते पटलं. मी मान हलवली. मला फक्त आडवं व्हायचं होतं. गुरुवार. गुरुवारी येऊ. किती चांगला माणूस आहे हा. डेपोतल्या साहेबांची ती ओळ, आईचं औषध, मागची वर्षं, सगळं तापात विरघळून गेलं होतं. अधिकाऱ्याने कागद घडी घालून माझ्या हातात दिले.

मी वळलो. काका वळले नाहीत. ते तिथेच उभे होते, तोंड उघडं, आणि आवाज नाही. वर्षानुवर्षं साहेबांच्या खोलीत जे व्हायचं तेच झालं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, "आणखी काही?" काकांच्या कपाळावरून घाम ओघळला.

"नाही," ते म्हणाले.

"मग या."

"नाही साहेब. घरी नाही. आज. आत्ता."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काकांनी माझ्या हातातले कागद ओढून घेतले, डेपोचा हुकूम टेबलावर पसरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ते बोट इतकं थरथरत होतं की त्याच्याखालची अक्षरं वाचायला अधिकाऱ्याने ते हलकेच उचलून बाजूला केलं. त्याने वाचलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाराला थोडाच अवकाश होता. तो एकदम गंभीर झाला आणि दौत पुढे सरकवली.

मी सही केली. त्याने सही केली. आता सुटलो असं वाटतंय तोच काका म्हणाले, "वेळ घाला साहेब. दुपारपूर्वी असं घाला." अधिकारी हसला, पण घातली.

बाहेर आलो तेव्हा काका लहान मुलासारखे हसत होते. मला टांग्यात चढवलं, गोधडी नीट गुंडाळली. मग कारखान्याचा भोंगा वाजला आणि ते हसू त्यांच्या तोंडावर जागच्या जागी वाळून गेलं.

"माझी गाडी," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तळेगावच्या बाजूला जाणारी दुसरी गाडी नव्हती. ते डेपोत न कळवता, रजा न मागता, गैरहजर होते. मी म्हणालो, रजेचा अर्ज टाका, आजारी होतो म्हणा. टांगेवाला म्हणाला, "डाक्टरचा दाखला घ्या की काका. धा जन आनत्यात. कोन इचारतंय?"

"खोटा दाखला?" काका म्हणाले. "पकडला गेलो तर बडतर्फ करतील. नको रे बाबा. मी खरं सांगेन. साहेबांना मुलंबाळं आहेत."

मंगळवारी त्यांनी खरं सांगितलं. हे मला डेपोतल्या मित्राने नंतर सांगितलं, मी आठवडाभर अंथरुणातच होतो. साहेबांनी विचारलं, काल कुठे होता? काकांनी सांगितलं, याला रुजू करायला पिंपरीला गेलो होतो. माझं नाव ऐकून साहेबांनी चष्मा काढला.

"ठीक आहे."

विनापरवाना गैरहजर, म्हणून सोमवार नोकरीतून कापला. एकाच दिवसाचा पगार गेला असं कुणाला वाटेल. पण मधला दिवस कापला की सलग नोकरी तिथे तुटते आणि पुन्हा नव्याने मोजायला लागते. काकांची डेपोतली सगळी वर्षं पुसली गेली आणि त्यांची नोकरी मंगळवारपासून सुरू झाली.

महिना उलटायच्या आत छाटणी आली. या खेपेला ती आवई नव्हती. नियम असा की जो शेवटी आला तो आधी जातो. सगळ्यांच्या सलग नोकरीचा क्रम लावून यादी करायची होती आणि ते काम आस्थापनेचं, म्हणजे काकांचं. त्यांच्यानंतर आलेली कितीतरी पोरं डेपोत होती. पण मंगळवारनंतर आलेलं कुणीच नव्हतं. मित्र सांगत होता, काकांनी यादी टाइप केली, ताडून पाहिली, कोटाची गुंडी लावली आणि आत घेऊन गेले. पहिलं नाव त्यांचं होतं.

मी बायकोला घेऊन त्यांच्या दारात गेलो. साहेबांना भेटतो, वर अर्ज करतो, पाय धरतो, काय वाटेल ते बोलत होतो. काका घाबरून उठले आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू काही करू नकोस. तुझ्या हुकमावर सही त्यांची आहे. तुझं अजून पक्कं व्हायचंय. त्यांनी एक पत्र इकडे टाकलं तर तुझंही जाईल." काकू चुलीपाशी बसल्या होत्या. त्या माझ्या बायकोला नुसतं एवढंच म्हणाल्या, "दोनदा झालं गं हे."

पंधरा दिवसांत त्यांनी खोली सोडली. चाकणला कुणा अडत्याकडे लिहिण्याचं काम मिळालं होतं. बाजार असेल तर काम, नसेल तर नाही.

कारखान्यात माझा पगार ठरायला बरेच महिने लागले. तो काळ मी रोज मनातल्या मनात काकांसारखा काढला. शिपाई टेबलाशी थांबला की माझा हात वरच्या गुंडीकडे जायचा. शेवटी हुकूम आला. मागची सगळी वर्षं धरली होती. ज्या पायरीवरून उतरलो त्याच पायरीवर मला उभं केलं होतं आणि पुढची वाढही वेळेवर लागली. आईने देवापुढे साखर ठेवली. मी पेढे बांधून घेतले आणि चाकणला निघालो.

शनिवार होता, चाकणचा बाजार. बटाट्याच्या आणि कांद्याच्या गोण्यांमधून, बैलांच्या गर्दीतून वाट काढत मी त्या अडत्याचं दुकान शोधलं. काका गादीवर बसून लिहीत होते. अंगात कोट नव्हता, नुसती बंडी. धूळ भुवयांवर बसली होती. मला बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं? काढलं तुला?"

"नाही काका. सगळी वर्षं धरली. वाढ लागली."

त्यांनी डोळे मिटले. अडत्या म्हणाला, "काका, लिवा की, गाडी खोळंबलीया." त्यांनी ऐकलं नाही. मी पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला, कपाळाला लावला आणि खायच्या आधी थांबले.

"आज शनिवार ना?"

"हो."

"शनिवारी दुपारपर्यंत कारखाना असतो. आता कुठे अकरा वाजतायत. तू इथे कसा?"

मी म्हणालो, शेजारच्या टेबलावरच्याला सांगून आलोय, कामही संपलं होतं. पुढे बोलायला मिळालं नाही. काका गादीवरून उतरले, चपला पायात सरकवायलाही थांबले नाहीत आणि माझं मनगट धरून मला ओढत रस्त्याकडे निघाले. काकूंना भेटून जातो म्हणालो तर म्हणाले, "काकू कुठे जात नाही." कासारवाडीच्या नाक्यापर्यंत जाणारा एक मालट्रक सुटायच्या बेतात होता. त्यांनी ड्रायव्हरपुढे अक्षरशः हात जोडले, मला गोण्यांवर चढवलं. मी वरून हात दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. मला रडू फुटलं. मी म्हणालो, "काका, मला कुणी काही करत नाही आता."

ट्रक हलला. ते अनवाणी दोन पावलं बरोबर धावले आणि इकडेतिकडे बघून, खालच्या आवाजात म्हणाले,

"विचारलं तर खोटं सांग. आजारी होतो म्हण. खरं सांगू नकोस."